हौद्याची गाडी निवडताना

म्हैसूर शहरातून नंजनगूडकडे जाणारा रस्ता धरला, की गावाबाहेर बंडीपाळ्य लागते. कन्नड भाषेत बंडी म्हणजे गाडी. आणि कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार येथेच असल्यामुळे हे नाव आजही अन्वर्थक वाटते. फरक इतकाच, की बैलगाडीची जागा आता पुढे दोघातिघांपुरती केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या छोट्या मोटारगाडीने घेतली आहे. आपल्याकडे हिला सरसकट टेम्पो म्हणतात, तिच्या सर्वांत लहान जातीला छोटा हाथी म्हणतात, आणि कारखानदारांच्या माहितीपत्रकात ती पिकअप या नावाने वावरते. नंजनगूडची केळी, म्हैसूरची विड्याची पाने आणि मोगरा, गुंडलूपेटच्या बाजूची भाजी, हुणसूर व पिरियापट्टणकडील तंबाखू असा नाना प्रकारचा माल या परिसरात निघतो, आणि त्याच्या वाहतुकीत या छोट्या गाडीचा वाटा मोठा आहे.

अशी गाडी विकत घेणारा मनुष्य मोटारीच्या हौसेने दुकानात शिरलेला नसतो. तो बहुधा पूर्वी दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राबलेला असतो, किंवा भाजीचा लहान व्यापारी असतो, किंवा भावाभावांत मिळून चार एकर कसणारा शेतकरी. किमतीचा मोठा भाग तो कर्जाऊ काढतो आणि पुढे चार-पाच वर्षे दरमहा हप्ता भरतो. गाडी आपल्या कामाची नव्हती असे सहा महिन्यांनी ध्यानात आले, तर ती तोट्यात विकावी लागते आणि कर्जाची बाकी तरीही अंगावर उरते. असे असता दुकानात त्याच्यापुढे प्रथम काय ठेवले जाते? नमुन्यांची नावे, अश्वशक्तीचे आकडे आणि केबिनमधील सोयी. वस्तुतः निवडीचा आरंभ दुसऱ्या टोकाने व्हावयास हवा. आपण काय नेणार, कोणत्या रस्त्याने नेणार, आणि गाडी भरलेली असताना तो रस्ता चढणार की उतरणार, या प्रश्नांची उत्तरे ज्याने घरी बसून काढली आहेत, त्याला दुकानातील निम्मे नमुने न पाहताच बाजूस सारता येतात.

नमुन्यांची आजची गर्दी तशी अलीकडची आहे. पुण्याच्या टेल्को कंपनीने १९८६ मध्ये ४०७ हा हलका ट्रक आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल ही हौद्याची गाडी बाजारात आणली. महिंद्रांच्या जीपच्या वंशातील गाड्याही खेड्यापाड्यांतून धावत होत्या. पण या सर्वांच्या खाली एक मोठी पोकळी होती. अर्धा-पाऊण टन माल न्यावयाचा, तर तीनचाकीवाचून गत्यंतर नव्हते. ही पोकळी २००५ च्या मे महिन्यात टाटा एसने भरून काढली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी आराखडा करण्यापूर्वी तीनचाकी चालविणाऱ्यांच्या भेटी घेतल्या होत्या. त्यांत दक्षिणेकडील एका तरुणाने असे सांगितले म्हणतात, की चौथे चाक असते तर लग्नाच्या बाजारात आपले मोल वाढले असते! इंडिका मोटारीचे १,४०५ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन निम्मे केले, की ७०२ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे इंजिन मिळते. एसचे इंजिन याच हिशेबाने बेतले होते. शक्ती अवघी १६ अश्वशक्ती, भार पाऊण टन, आणि किंमत सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास. २०१७ अखेरीस या गाड्यांची विक्री वीस लाखांवर गेली. चौथ्या चाकाचे महत्त्व म्हैसूरकरांना तर पुढे निराळ्याच रीतीने पटले. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यावर १ ऑगस्ट २०२३ पासून तीनचाकींना मज्जाव झाला. चारचाकी छोटा हाथी मात्र तेथून जाऊ शकतो.

एसच्या मागोमाग २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त, २०१५ मध्ये महिंद्रांची जीतो, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी, २०१९ मध्ये टाटांची इंट्रा आणि २०२४ मध्ये महिंद्रांची व्हीरो अशी रांग लागली. नावे पाठ करण्याचे कारण नाही. भाराच्या दृष्टीने या सर्वांचे तीन थर पडतात. एस, जीतो, सुपर कॅरी या पाऊण टनाच्या आगेमागे. दोस्त, व्हीरो, इंट्राचे व्ही ३० व व्ही ५० हे नमुने सव्वा ते दीड टनाच्या घरात. आणि महिंद्रांच्या बोलेरो पिकअपचे मोठे नमुने, लेलँडची बडा दोस्त, टाटांची योधा या पावणेदोन ते दोन टनांपर्यंत जाणाऱ्या. एकाच नावाखाली वेगवेगळ्या भाराच्या गाड्या विकल्या जातात, हे मात्र ध्यानात असावे. ‘शेजाऱ्याची बोलेरो दोन टन ओढते’ एवढ्यावरून आपली ओढेलच असे नाही; शेजाऱ्याची गाडी २.० या आकड्याची असेल आणि आपण १.३ घेऊन आलेलो असू.

भार म्हणजे तरी काय? गाडीला मान्य असलेले एकूण वजन आणि मोकळ्या गाडीचे वजन यांची वजाबाकी. या वजाबाकीत पुढे अनेक वाटेकरी निघतात. शेजारी बसलेला मदतनीस, मागाहून बसविलेला जाड पत्र्याचा हौदा, वरची लोखंडी चौकट, ताडपत्री, दोर, हे सारे मालाच्या वाट्यातून वजा होते. हौसेने मजबूत बांधून घेतलेला हौदा मूळच्यापेक्षा शंभर किलोंनी जड झाला, तर दर खेपेला दोन पोती सिमेंट फुकट वाहून नेल्यासारखे होते. पाऊण टन म्हणजे सिमेंटची ५० किलोंची पंधरा पोती. ती हौद्याच्या तळाशीच मावतात, आणि वरची रिकामी जागा पाहून आणखी दहा टाकण्याचा मोह होतो. मोगऱ्याच्या फुलांचे उलट आहे. हौदा शिगोशीग भरला, तरी काटा जेमतेम हलतो. म्हणून फुले, पाने, रिकामे क्रेट किंवा फोमच्या गाद्या नेणाऱ्याने टनाचा आकडा बाजूस ठेवून हौद्याची लांबी पाहावी. मूळ एसचा हौदा सव्वासात फुटांच्या आसपास होता. मोठ्या नमुन्यांत तो नऊ-दहा फुटांपर्यंत मिळतो. मधला माल टोमॅटोचा. क्रेटसह सुमारे २५ किलो धरले, तर पन्नास क्रेटचे साडेबाराशे किलो होतात. असा माल नित्य नेणाऱ्याने पाऊण टनाच्या गाडीकडे पाहूही नये, कारण त्याला एकतर दोन खेपा कराव्या लागतील किंवा गाडीचे पाटे मोडावे लागतील.

आता इंजिनाकडे वळू. माहितीपत्रकात अश्वशक्तीचा आकडा ठळक छापतात आणि त्याखाली टॉर्कचा. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पीळ, चाक फिरविण्याचा जोर. मारुतीच्या सुपर कॅरीचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे ८० अश्वशक्तीचे आहे. टाटा इंट्रा व्ही ५० चे दीड लिटरचे डिझेल इंजिनही तितक्याच शक्तीचे. आकडा एकच असूनही दोहोंचा स्वभाव वेगळा. पेट्रोल इंजिनाला ती शक्ती गाठण्यासाठी मिनिटाला सहा हजार फेरे घ्यावे लागतात आणि त्याचा पीळ १०४ न्यूटन-मीटरच्या आसपास राहतो. डिझेल इंजिन पावणेचार हजार फेऱ्यांतच तेथे पोहोचते आणि त्याचा पीळ २२० न्यूटन-मीटर असतो. हलका माल घेऊन सपाट रस्त्याने झपाट्याने जाणाऱ्याला पहिले इंजिन गोड वाटेल. दीड टन घेऊन खेड्यातील चिखलातून गाडी उचलणाऱ्याला दुसऱ्यावाचून इलाज नाही.

मग अवघ्या १६ अश्वशक्तीची गाडी चढ चढत असे, ती कशी? थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गाडी आणि माल मिळून दीड टनांहून थोडे अधिक वजन धरू आणि दहा फुटांना एक फूट असा चढ धरू. ताशी १५ किलोमीटरने हा चढ चढण्यास चाकांपाशी सुमारे १० अश्वशक्ती लागते. सोळांपैकी काही शक्ती गिअर आणि दंतचक्रांत खर्च होऊनही एवढी शिल्लक राहते. परंतु तोच चढ ताशी ३० ने चढावयाचा म्हटला, तर वीस लागतील, आणि तेवढ्या तिच्यापाशी नव्हत्याच. म्हणजे गाडी चढते, पण खालच्या गिअरमध्ये, सायकलच्या वेगाने. तीन टन एकूण वजनाची गाडी तोच चढ ताशी ३० ने चढली, तर सुमारे ३८ अश्वशक्ती लागतात. ७५-८० अश्वशक्तीच्या आजच्या गाडीला ते सहज जमते. शहरात आणि बंगळूरच्या सपाट रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही, घाटात जाणवतो.

आणि म्हैसूरचा विचार घाट सोडून करता येत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. येथून केरळकडे भाजी जाते, ती गुंडलूपेट, बंदीपूरचे जंगल आणि वायनाड ओलांडून लक्किडीपाशी पठाराच्या कडेला येते. तेथून ताामरश्शेरीचा घाट नऊ वळणे घेत सहाशे मीटरांहून अधिक खाली उतरतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माल भरलेली गाडी घाट उतरते आणि परतताना बहुधा रिकामी चढते. तेव्हा या व्यापाऱ्याची खरी परीक्षा इंजिनाच्या जोराची नसून ब्रेकची आहे. तीन टनांची गाडी सहाशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, तिने पन्नास लिटरांहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापेल. ही सारी उष्णता ब्रेकच्या अस्तरांत गेली, तर ती चकाकतात, धूर निघतो आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. जाणता चालक म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरतो आणि गाडीला धरून ठेवण्याचे काम इंजिनाकडे सोपवितो. मोठ्या इंजिनाचा एक उपयोग असा उतरणीवर आहे, हे विक्रेता क्वचित सांगतो. त्यात मान्य भारापेक्षा पाचशे किलो अधिक घातलेले असले, तर ब्रेकवर पडणारा ताण त्याच प्रमाणात वाढतो. मागील पाटे जाड करून घेतल्याने हौदा वाकणे थांबते, ब्रेक मात्र होते तेवढेच राहतात.

उदकमंडलाची वाट याच्या उलट. तेथे म्हैसूरचा माल भरलेल्या गाडीतून वर जातो. मसिनगुडीकडून कल्लट्टीचा छत्तीस वळणांचा उभा चढ आहे. गुडलूरकडील रस्ता लांबचा, पण त्या मानाने सौम्य. उदकमंडल २,२०० मीटरांहून उंच असल्यामुळे तेथील हवा समुद्रकाठच्या मानाने सुमारे एक पंचमांश विरळ असते. साध्या इंजिनाला तेवढाच प्राणवायू कमी मिळतो आणि त्याची शक्ती त्या प्रमाणात घटते. टर्बो बसविलेल्या इंजिनात हवा दाबून भरली जात असल्यामुळे ही घट बरीच कमी जाणवते. इंट्रा, दोस्त, बोलेरो यांची डिझेल इंजिने या जातीची आहेत. एसचे मूळ इंजिन तसे नव्हते. नीलगिरीकडे नित्य जाणाऱ्याने माहितीपत्रकातील हा एक शब्द शोधून पाहावा.

दोन्ही रस्त्यांना बंदीपूरचे अभयारण्य आडवे येते. वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी तेथे २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत वाहतुकीस बंदी आहे. संध्याकाळी माल भरून निघणाऱ्याची गाडी चढावर रेंगाळली किंवा वाटेत तापली, तर जंगलाच्या अलीकडेच रात्र काढावी लागते, आणि सकाळपर्यंत पालेभाजी मान टाकते.

इंधनाच्या बाबतीत एकेकाळी प्रश्नच नव्हता. मालाची गाडी म्हणजे डिझेल. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले आणि छोट्या डिझेल इंजिनांवरील शुद्धीकरणाची यंत्रणा महागली. मारुतीने आपल्या छोट्या ट्रकातून डिझेल इंजिन काढून टाकले ते याच वर्षी. तेव्हापासून खालच्या थरात पेट्रोल आणि सीएनजी यांचा शिरकाव वाढला. सीएनजीची गाडी किलोमीटरमागे स्वस्त पडते खरी, पण तिच्या जड टाक्यांचे वजन मालाच्या वाट्यातून जाते. सुपर कॅरीच्या दोन प्रकारांत हा फरक शंभर किलोंहून अधिक आहे. शिवाय आपल्या नित्याच्या रस्त्यावर सीएनजीचे पंप किती आहेत आणि तेथे रांगेत किती वेळ मोडतो, हे गाडी घेण्यापूर्वी स्वतः पाहून यावे. विजेवर चालणारी टाटा एस २०२२ मध्ये आली. सहाशे किलो भार आणि एका भरणीत १५४ किलोमीटर असा तिचा प्रमाणित आकडा आहे. प्रमाणित आकडा हा ठरावीक चाचणीतला असतो. भर उन्हात, पूर्ण भाराने, थांबत-धावत तो कमी होणार हे धरून चालावे. देवराज मार्केट, मेटगळ्ळी, हेब्बाळ अशा शहरांतर्गत फेऱ्यांना ही गाडी शोभते. केरळच्या खेपेला ती घेणे तूर्त धाडसाचे होईल, जरी उतरणीवर ब्रेकची ऊर्जा पुन्हा बॅटरीत भरून घेण्याची तिची रीत घाटाच्या दृष्टीने फारच आकर्षक असली तरी.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण ती टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ६६ नुसार एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीला परवान्याची, म्हणजे परमिटची, गरज नाही. सव्वा-दीड टनाच्या पुष्कळ गाड्या या रेषेच्या आत बसतील अशाच बेतलेल्या असतात. केवळ दोनशे किलो अधिक नेता यावे म्हणून ही रेषा ओलांडणाऱ्याने परमिटचा खर्च व खेटे हिशेबात धरावेत. योग्यता प्रमाणपत्र आणि विमा मात्र कोणालाच सुटलेले नाहीत. हलक्या मोटारीचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोंपर्यंतची मालगाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले, ही लहान गाडीमालकांच्या दृष्टीने मोठी सोय झाली. जादा भाराबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड कायद्यात आहे. आणि हौद्यात माणसे बसवू नयेत. तोडणीच्या हंगामात मजूर, लग्नसराईत वऱ्हाडी हौद्यात उभे असलेले सर्रास दिसतात. अशी गाडी उलटली, तर धरावयास काही नसते, आणि पुढे विमा कंपनी भरपाईचा दावा नाकारावयास उभी राहते.

सोयींची यादी आता लांबत चालली आहे: वळविण्यास हलके सुकाणू, वातानुकूलित केबिन, गाडी कोठे आहे ते मालकाला दूरध्वनीवर दाखविणारे यंत्र, चालकासाठी हवेची पिशवी. मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, छोट्या पिकअपला ती सक्ती नाही. दिवसाचे दहा तास जो केबिनमध्ये घालविणार, त्याने हलके सुकाणू घ्यावेच. खांद्याचे दुखणे पाच वर्षांत त्याच्या किमतीहून अधिक वसूल करते. हौद्याविना नुसती केबिन व सांगाडा घेण्याचा पर्यायही काही नमुन्यांत असतो. दूध, मासे किंवा औषधे नेणाऱ्याने बंद पेटी स्वतः बांधून घ्यावी, हेच उत्तम. हौद्याला तिन्ही बाजूंनी फाळके उघडणारे असले, तर हमालीचा वेळ वाचतो, हेही पाहावे.

बंगळूरच्या रस्त्यावर बिडदी येथे याच नावाखाली अगदी वेगळी वस्तू तयार होते. नांगराच्या कारखान्यातून वर आलेले किर्लोस्कर हे नाव तेथे टोयोटाच्या जोडीला आहे, आणि २०२२ पासून त्यांची हायलक्स ही पिकअप भारतात मिळते. २.८ लिटरचे डिझेल इंजिन, दोनशेंहून अधिक अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, दोन ओळींत पाच जणांची केबिन. किंमत एका छोट्या हाथीच्या कित्येक पट. कोडगूच्या कॉफीमळ्यात पावसाळ्यात फिरणाऱ्या मालकाला ती उपयोगी पडेल. भाडे मिळवून हप्ता फेडू पाहणाऱ्याने तिच्याकडे कौतुकाने पाहून पुढे जावे.

कारण शेवटी हप्ता फेडावयाचा आहे. समजा, सहा लाख रुपये कर्ज दरसाल १२ टक्क्यांनी काढले. चार वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १५,८०० रुपये. पाच वर्षांत फेडले, तर सुमारे १३,३५०. दुसरा सोपा दिसतो, पण त्यात एकंदर बेचाळीस हजार रुपये अधिक जातात. महिन्याला पंचवीस खेपा धरल्या, तर पहिल्या हिशेबात दर खेपेमागे ६३२ रुपये इंधन, टायर, विमा आणि चालकाचा पगार काढून उरले पाहिजेत. तंबाखूचा हंगाम संपल्यावर पंचवीस खेपा मिळतात की पंधरा, हे ग्राहकाला विक्रेत्यापेक्षा अधिक ठाऊक असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही बचत मोठा नमुना घेण्यात घालविण्याऐवजी कर्जाची रक्कम कमी करण्यात घातलेली बरी.

गाडी पसंत पडली, तरी तिची चाचणी रिकाम्या हौद्याने घेऊ नये. विक्रेत्याला आधी सांगून मान्य भाराइतकी वाळूची किंवा धान्याची पोती भरावीत. मग चढावर गाडी पूर्ण थांबवून हातब्रेक लावावा आणि पहिल्या गिअरमध्ये ती पुन्हा उचलून पाहावी. क्लच जळल्याचा वास येतो का, गाडी मागे सरकते का, इंजिन गुदमरते का, ते दोन-तीन वेळा तपासावे. त्यानंतर तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतारावरून सोडावी आणि ब्रेकवर पाय न ठेवता ती कितपत आवरते, ते पाहावे.